बांध, मेर, तट, खंदक: मातीच्या आडोशांचे शब्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पंचायतीची नोटीस लिहिणारे, खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली भातशेती) फुटल्याची बातमी देणारे, कोमुनिदादचे (गोव्यातल्या गावकरी संस्थेचे) जुने कागद चाळणारे आणि किल्ल्यांवर भटकणारे, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मातीच्या आडोशाला मराठीत शब्द भरपूर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शब्द चुकला की अंदाजपत्रक चुकते आणि अंदाजपत्रक चुकले की दुरुस्ती. म्हणून शब्दांबरोबर वस्तूही सांगितली आहे.

बांध, बंधारा, धरण, पाळ हे सगळे एकच ना?

नाही. भिंत पाण्याला आडवी जाते की त्याच्या कडेने, हे आधी पाहा.

बंधारा व्हाळाला (ओढ्याला) किंवा नदीला आडवा असतो. पाणी अडवायचे, थोडे साठवायचे, उरलेले माथ्यावरून जाऊ द्यायचे. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात खांबांच्या खाचांत बर्गे (फळ्या) बसवतात आणि पावसाळ्याआधी काढून घेतात. वरून पाणी वाहणे हे बंधाऱ्याचे कामच आहे.

बांध पाण्याच्या कडेने चालतो. तो पाणी साठवत नाही, दूर ठेवतो. त्याच्या माथ्यावरून पाणी गेले की तो गेलाच, कारण पलीकडच्या उतारावरून पडणारी धार माती कापत सुटते. ‘बंधारा फुटला’ असे छापून येते तेव्हा गोव्यात बहुतेक वेळा फुटलेला असतो तो खाजनाचा बांध.

धरण म्हणजे मोठा जलाशय धरणारी भिंत. ती मातीची असली तरी धरणच. पाळ तळ्याची असते. करमळीचे तळे भातशेतीला पाणी पुरवण्यासाठी माणसांनी अडवलेले आहे, त्याच्या कडेला पाळ म्हणावे, बांध म्हटले तरी कोणी हरकत घेणार नाही. ताल किंवा ताली हा घाटमाथ्याकडचा शब्द: उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून घातलेली आडवी ओळ. गोव्यात तो फारसा ऐकू येत नाही.

मग मेर म्हणजे काय?

दोन कुणग्यांमधली (भाताच्या वाफ्यांमधली) हातभर उंचीची मातीची कड. कुणग्यात पाणी उभे राहावे आणि माणसाला चालता यावे एवढेच तिचे काम. दर वर्षी नांगरणीच्या वेळी कुदळीने तिची बाजू तासतात, गवत काढतात आणि चिखल थापून ती पुन्हा गुळगुळीत करतात. मेर फुटली तर एका कुणग्याचे पाणी दुसऱ्यात जाते. बांध फुटला तर नदी आत येते. घाटावर ज्याला ‘शेताचा बांध’ म्हणतात, ज्यावरून भाऊबंदकी कोर्टात जाते, ती गोव्यात मेर. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकासाठी लिहिताना हे एकदा खुलासा करून सांगावे लागते.

खाजन हा शब्द पोर्तुगीज आहे का?

तसा समज आहे, कारण पोर्तुगीज कागदांत ‘काझाना’ असे रूप भेटते. पण शब्द त्यांच्या फार आधीचा आहे. बांदोड्याला सापडलेल्या, मौर्य कुळातल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो. तो ताम्रपट साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून बाहेर ठेवायचे आणि आत भात पिकवायचे, ही युक्ती पोर्तुगीज येण्याच्या हजारभर वर्षे आधी इथे रुळली होती. आज गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते, मांडवी आणि झुआरीच्या काठांवर सगळ्यात जास्त.

खाजनाच्या बांधाचे भाग कोणते?

बाहेरून आत येऊ.

नदीच्या काठी कांदळ आणि तिवराची झाडी. लाटांचा जोर तीच मोडते, म्हणून ती बांधाचाच भाग समजावी. मग बांधाचा बाहेरचा उतार, बहुतेक ठिकाणी जांभ्या दगडाने पिचिंग केलेला, म्हणजे दगड लावून पक्का केलेला. मग माथा, निदान एक माणूस डोक्यावर भारा घेऊन चालेल इतका रुंद. मग आतला उतार, त्यावर गवत. उतार जिथे जमिनीला टेकतो तो पायथा. बांधाच्या आत पोंय, म्हणजे पाणी धरणारा सखल चर किंवा डबके. तिच्यापलीकडे कुणगे.

आणि बांधात एका ठिकाणी मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार.

मानस कशी चालते?

ती दगडी पेटी आहे, आरपार. तिच्या तोंडाला लाकडी झडप. भरतीचे पाणी बाहेरून दाबते, झडप चौकटीवर घट्ट बसते आणि बंद होते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतले पाणी झडप ढकलते आणि ती उघडते. माणसाने हात लावायची गरज नाही. झडपेला ऐनाचे लाकूड (गोव्यात माट्टी, राज्यवृक्ष तोच) वापरण्याची रीत आहे, कारण खाऱ्या पाण्यात ते बराच काळ कुजत नाही. काही मानशींना झडपेबरोबर खाचांत सरकणाऱ्या फळ्याही असतात, पाणी किती सोडायचे ते त्यांनी ठरवता येते.

इथे पोंयीचे महत्त्व कळते. झडप बंद असते ते भरतीचे तास, आणि नेमका तेव्हाच डोंगरावरून पावसाचे पाणी उतरत असते. त्याला कुठेतरी थांबायला जागा हवी. ती जागा म्हणजे पोंय. पोंय गाळाने भरली किंवा कोणी भराव टाकून बुजवली, तर मानस ठणठणीत असूनही शेत बुडते. मग दोष मानशीला लागतो.

मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळे लावून मासे-सुंगटे (कोळंबी) मिळतात. त्या हक्काची पावणी होते, म्हणजे लिलाव. तंटा इथेच उभा राहतो: मासळी जास्त यावी म्हणून झडप बांधून उघडी ठेवली की भरतीबरोबर मासे आत येतात, आणि खारे पाणीही. भात आत असताना असे दोन-चार दिवस झाले तरी रोपे पिवळी पडतात.

बांधाला कुठली माती चालते? ओळखायची कशी?

चिकण, जवळपासच्या खाडीपट्ट्यातली. मूठभर ओली माती घ्या, दगड-काड्या काढा, गोळा वळा. तो तळहातावर लाटून पेन्सिलीहून बारीक, सुमारे 3 मिलिमीटर जाडीची वळी करा. वळी न तुटता झाली आणि वाकवल्यावर लगेच तडकली नाही, तर माती घालण्याजोगी. वळी होतच नसेल तर रेती जास्त. हाताला साबणासारखी चिकटून सोडवत नसेल तर पाणी जास्त, ती एक-दोन दिवस उघड्यावर सुकू द्या.

डोंगरावरची लाल जांभी माती एकटी वापरू नये. तिच्यात खडे असतात आणि खड्यांच्या कडेने पाणी वाट काढते. तिचा थर वरून रस्त्यासाठी द्यायला हरकत नाही, पोटात नको.

माती कुठून उचलता हेही तितकेच महत्त्वाचे. पायथ्याला लागूनच खड्डा मारला की बांध आपल्याच खड्ड्याकडे घसरतो. पायथ्यापासून पाच-सहा मीटर तरी लांब जा, आणि एकाच जागी खोल न खणता पसरट उचला. जेसीबी आला की हा नियम सगळ्यात आधी मोडतो, कारण हात पोचतो तिथून माती ओढणे सोपे.

किती माती लागते?

उदाहरण घेऊ. उंची 1.5 मीटर, माथा 1.2 मीटर, बाहेरचा उतार एकास दोन (1 मीटर उंचीला 2 मीटर पसारा), आतला एकास दीड.

पायाची रुंदी: 1.2 + 3 + 2.25 = 6.45 मीटर.
छेदाचे क्षेत्रफळ: (1.2 + 6.45) ÷ 2 × 1.5 = सुमारे 5.74 चौरस मीटर.
10 मीटर लांबीला 57 घनमीटरच्या वर.

ही दाबलेली माती झाली. सुटी माती पाचवा-चौथा हिस्सा जास्त धरावी, म्हणजे 70 घनमीटर, आणि सहा घनमीटरच्या टिपरच्या 12 खेपा.

आता गंमत बघा. हाच बांध फक्त 30 सेंटिमीटर उंच करायचा ठरवला, उतार आणि माथा तेच ठेवले, तर पाया 7.5 मीटर होतो आणि क्षेत्रफळ 7.83. उंची 20 टक्के वाढली, माती 36 टक्के. ‘थोडा उंच करून टाकू’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा. नाहीतर होते काय, पाया तेवढाच राहतो, उंची वाढते, उतार उभा होतो आणि पहिल्या पावसात अर्धा बांध आत बसतो.

घालायची पद्धत?

आधी जुन्या बांधावरचे गवत, मुळ्या, कुजका पेंढा खरवडून काढा. कोरड्या गुळगुळीत पृष्ठभागावर नवा चिखल बसत नाही, मधे पापुद्रा राहतो आणि पाणी तिथूनच झरते. म्हणून जुना उतार पायऱ्यांसारखा कापून ओला करायचा, मग 15 ते 20 सेंटिमीटरचा थर, दाबणे, पुढचा थर. एकदम मीटरभर ओतून वरून जेसीबीची पाटी आपटली, तर वरचे वीतभर दबते, खालचे पोकळ राहते. शेवटी माथा ठरल्यापेक्षा दहावा हिस्सा उंच ठेवा, चिकण माती वाळताना बसते.

माथा उधाणाच्या सगळ्यात मोठ्या भरतीहून निदान अर्धा मीटर वर हवा. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतले अंतर सुमारे दोन मीटर असते, आणि पावसाळ्यात नदीला पूर असेल तर पातळी त्यावरही चढते. पातळी पुस्तकातून न घेता जागेवर पाहा. जुन्या मानशीच्या दगडावर शिंपल्यांची आणि शेवाळाची रेघ असते. रोजची भरती तिथे पोचते, उधाण तिच्याही वर जाते.

हे काम मार्च ते मे. माती सुकायला आणि बसायला महिनाभर मिळाला पाहिजे.

बांध फुटतो कसा? ‘झरणे’ आणि ‘फुटणे’ यांत नेमका फरक?

फुटण्याआधी बांध बहुतेक वेळा सांगून ठेवतो, त्या सांगण्याचेच शब्द आहेत.

पाझर: आतला उतार ओलसर, पण पाणी वाहत नाही. लक्ष ठेवावे, घाबरू नये.

झर: एका जागी बारीक धार. पाणी स्वच्छ असेल तर अजून वेळ आहे. गढूळ असेल तर ते बांधाचीच माती घेऊन बाहेर पडते आहे, म्हणजे आत नळी तयार होते आहे. अशी गढूळ झर आतून माती लावून बुजवू नका. आत दाबलेले पाणी दुसरीकडून निघेल. बाहेरच्या, म्हणजे नदीच्या बाजूला ओहोटीत भोक शोधा आणि तिथे चिखल कोंबा. आतल्या बाजूला झरीभोवती गोण्यांचे गोल कडे उभारले तर पाण्याची पातळी वाढून धारेचा जोर कमी होतो, तोवर वेळ मिळतो.

भोके करणारे मुख्य दोघे, खेकडे आणि उंदीर. माथ्यावर वाढलेले झाडही तेच करते, पण उशिराने: झाड मेले की मुळी कुजते आणि तिच्या जागी आयती नळी राहते. म्हणून माथ्यावर गवत हवे, झाड नको. कांदळ बाहेर, नदीच्या बाजूला. ती तोडणे कायद्याने गुन्हा आहे आणि व्यवहारानेही मूर्खपणा.

बाहेरून कुरतडणारी तिसरी गोष्ट म्हणजे लाटा. बार्ज भरधाव गेली की तिच्या मागची लाट पिचिंगच्या खालच्या दगडांमागची माती चोखून नेते. दगड जागेवर दिसतो, मागे पोकळी असते. काठीने ठोकून पाहा, आवाज पोकळ येतो.

खांड: बांध तुटून पडलेले तोंड. याला भगदाडही म्हणतात. खिंडार हा शब्द किल्ल्याच्या तटासाठी राखून ठेवलेला बरा.

खांड पडली तर काय करायचे?

पहिल्या दिवशी खांड बुजवायला धावू नका. आधी तिची दोन टोके धरा. दर भरती-ओहोटीला पाणी दोन्ही टोके खात जाते आणि चार मीटरची खांड आठवड्यात पंधरा मीटर होते. टोकांना बांबूचे किंवा माडाच्या खोडाचे खुंटे ठोका, त्यामागे गोण्या लावा.

मग भांगाची वाट पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्याचा चढउतार कमी, त्यामुळे खांडीतून धावणारे पाणीही कमी. बुजवणी भांगाच्या ओहोटीत सुरू करून पुढची भरती चढायच्या आत संपवायची, आणि मधल्या दिवसांत खुंटे, तट्ट्या, गोण्या, माती सगळे काठावर तयार ठेवायचे. काम अर्धे राहिले तर उरलेल्या अरुंद तोंडातून पाणी दुप्पट वेगाने जाते.

खांडीच्या मधोमध पाण्याने खोदलेला डोह असतो. नवा बांध त्या डोहावरून सरळ ओढायचा मोह होतो, तो टाळा. डोह भरायलाच निम्मी माती जाते आणि वरचा बांध वर्षभर बसत राहतो. डोहाला वळसा घालून अर्धगोल बांध घाला: खुंट्यांच्या दोन ओळी, ओळींना आतून बांबूच्या तट्ट्या, मधे चिखल. जुन्या खाजनांत बांध मधेच उगाच वाकलेला दिसतो ना, तिथे कधीकाळी खांड पडलेली असते.

पाणी थांबल्यावर मीठ राहते. ते धुवायला गोडे पाणीच लागते, म्हणजे पाऊस. मोठी खांड महिनोन्‌महिने उघडी राहिली तर साधारण दोन-तीन पावसाळे जमीन नीट पिकत नाही. पहिल्या वर्षी लावायचेच असेल तर कोरगूट किंवा आसगो यांसारखे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात लावा.

रेतीच्या गोण्या किती लागतील?

नेहमीच्या मापाच्या गोण्या धरून, एक मीटर लांबीच्या आडोशाला: 30 सेंटिमीटर उंचीसाठी 20 ते 25, 60 साठी 65 च्या आसपास, 90 साठी 110 च्या आसपास. उंची तिप्पट झाली की गोण्या चौपटीहून जास्त, कारण पाया उंचीच्या तिप्पट रुंद ठेवावा लागतो.

गोणी अर्धी ते दोन तृतीयांश भरा. गच्च भरलेली गोणी दगडासारखी राहते, शेजारणीला चिकटत नाही. तोंड खाली दुमडून पाण्याच्या बाजूला ठेवा, विटांसारखा सांधा चुकवा आणि प्रत्येक थर पायाने तुडवा.

सरळ काँक्रीटची भिंत घातली तर कटकट मिटेल ना?

काही ठिकाणी भिंत लागतेच, वळणावर जिथे प्रवाह थेट आदळतो तिथे. पण खाडीचा तळ मऊ गाळाचा आहे. चिखलाचा बांध खचला तर वाकतो आणि चार टोपल्या माती घालून नीट होतो. भिंत खचली तर तडकते, आणि तिच्याखालून पाणी जाऊ लागले तर वरून काही दिसतही नाही. शिवाय भिंतीवर आदळलेली लाट परत फिरून शेजारच्या मातीच्या बांधाला खाते. भिंत संपते तिथेच पुढची खांड पडते. निविदेत ‘बांध’ या शब्दाच्या जागी ‘संरक्षक भिंत’ आला की हे सगळे त्याच्याबरोबर येते.

बांधाची जबाबदारी कोणाची?

पूर्वी कोमुनिदादची, म्हणजे गावकरीची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर कुळांच्या हाती कसणे आले आणि बांधाची निगाही त्यांच्या संघटनांकडे आली, मामलेदारांच्या देखरेखीखाली. मोठ्या कामांत सरकारी खाते उतरते. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत आणि त्यांत खाजन जमिनीत विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले आहे. मातीचा भराव टाकताना कोणी ‘बांधाचीच दुरुस्ती’ म्हणत असेल तर शब्द तपासा: बांधाला माथा आणि दोन उतार असतात, भरावाला पसरट मैदान.

आता किल्ल्यांकडे. मातीच्या तटाला मराठीत काय म्हणतात?

धूळकोट. माती दाबून उभारलेला कोट किंवा घाईने घातलेला मातीचा आडोसा. संस्कृतात त्याला वप्र म्हणत. दगड-विटांची उभी भिंत ती प्राकार, भोवतीचा खंदक ती परिखा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापेच दिली आहेत: एकाबाहेर एक तीन खंदक, 14, 12 आणि 10 दंड रुंद, आणि खणून निघालेल्या मातीचा वप्र, 6 दंड उंच, पायाशी त्याच्या दुप्पट. दंड म्हणजे चार हात, तेव्हा वप्राची उंची 10-11 मीटर झाली. माती हत्ती आणि बैलांकडून तुडवून घ्यावी, वर काटेरी झुडपे आणि विषारी वेली लावाव्यात, असेही सांगितले आहे. थर घालून तुडवण्याचा नियम खाजनाच्या बांधाला लागतो तोच.

घाटावरच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या, तिला पांढरी म्हणतात. गावाभोवतीची भिंत ती कुसू, त्यातून गावकूस. गडगा मात्र संरक्षणाचा नव्हे: सुटे दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत, कोकण-गोव्यात बागेभोवती दिसते. वई म्हणजे जिवंत किंवा काट्यांचे कुंपण.

तट, फांजी, चर्या, जंग्या, रेवणी: एकेका ओळीत सांगाल?

तट म्हणजे मुख्य भिंत. फांजी म्हणजे तटाच्या माथ्यावरची पहारेकऱ्यांची वाट. चर्या म्हणजे माथ्यावरचे पाकळीसारखे दगड, जंग्या म्हणजे नेम धरायची तिरकी भोके. बुरूज बाहेर आलेला, म्हणजे तटाच्या पायाशी आलेल्यावर बाजूने मारा करता येतो. रेवणी ही तटाबाहेरची ठेंगणी दुसरी भिंत. पडकोट म्हणजे मुख्य कोटाबाहेर जोडलेला कोट. मेट हे वाटेवरचे चौकीचे ठाणे, भिंत नव्हे.

बुरूज अरबीतून आला, खंदकही. तट संस्कृत. नदीचा काठ आणि किल्ल्याची भिंत दोन्हींना तोच शब्द, आणि काठावर उभा राहतो तो तटस्थ.

मोर्चा म्हणजे निघतो तो, मग किल्ल्याच्या वर्णनात ‘मोर्चे बांधले’ कसे?

मूळ अर्थ किल्ल्याच्या वर्णनातलाच. वेढा घालणारे सैन्य माती खणून, उकरलेली माती पुढे टाकून आडोसा करायचे आणि मागून तोफा-बंदुका चालवायचे, तो मोर्चा. तटाएवढा उंच मातीचा चबुतरा रचून त्यावर तोफ चढवली तर तो दमदमा. मोर्च्याच्या आडून पुढे सरकत तटाच्या पायाशी पोचायचे आणि सुरुंग लावायचा. 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या सैन्याने वसई घेतली ती मोर्चे आणि सुरुंगांच्या याच जोरावर. आज निघतो तो मोर्चा चालतो, मोर्चेबांधणीत मात्र जुना अर्थ शाबूत आहे.

मातीचा कोट तोफेपुढे टिकतो कसा?

गोळा दगडी भिंतीवर आदळला की दगड फुटतो आणि कपचे उडतात, सांधा निखळला की वरची भिंत खाली येते. मातीत गोळा रुततो, त्याचा जोर मातीच गिळते, आणि पडलेला खड्डा रात्रीत भरता येतो. भरतपूरचा लोहगड याचे ठळक उदाहरण. 1805 मध्ये लॉर्ड लेकच्या फौजेने त्यावर चार हल्ले चढवले, चारही फसले.

मातीचा शत्रू पाऊस. 3,000 मिलिमीटर पावसाच्या गोव्यात उघडा धूळकोट चार पावसाळे काढणार नाही, म्हणून इथले किल्ले जांभ्याचे. जांभा मऊ असताना कापता येतो, हवेत कडक होतो, आणि गोळा लागला तरी कठीण दगडासारखा ठिकऱ्या होऊन उडत नाही. 1612 मध्ये पूर्ण झालेल्या आग्वादला जमिनीच्या बाजूने कोरडा खंदक आहे. हा खंदक पाण्याने भरण्यासाठी नव्हताच, शिडी लावणाऱ्याला तटाची उंची वाढवून दाखवण्यासाठी होता. फोंड्याच्या किल्ल्याला 1683 मध्ये पोर्तुगीज विसरईच्या (व्हाइसरॉयच्या) तोफांनी खिंडार पाडले, पण संभाजी महाराज चालून आल्यावर वेढा उठवावा लागला.

कोमुनिदादच्या पोर्तुगीज कागदांत यांना काय शब्द आहेत?

नेहमी भेटणारे: ‘व्हालादु’ म्हणजे मातीचा बांध (जुन्या लेखनात त्यातला ‘ल’ दोनदा असतो), ‘व्हाला’ म्हणजे चर, ‘कॉम्पोर्ता’ म्हणजे झडप किंवा मानस, ‘व्हार्झिया’ म्हणजे भातशेती. किल्ल्यांच्या कागदांत ‘मुरालिया’ तट, ‘बालुआर्त’ बुरूज, ‘फोसु’ खंदक, ‘त्रिंशैरा’ मोर्चा. व्हालादु आणि व्हाला यांत घोळ घालू नका: एक मातीचा ढीग, दुसरा खड्डा. हिशेबात दोघांवरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो.

इंग्रजीतला ‘बंड’ आपल्याकडूनच गेला का?

हो, हिंदुस्थानी ‘बंद’मधून. शांघायच्या नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याचे ‘बंड’ हे नावही त्याच वाटेने तिथे पोचले. मराठीत लिहिताना ‘बंड’ लिहू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ उठाव.

दिवाडी बेटावरच्या बोंदेराम उत्सवाचा बांधाशी संबंध आहे?

नाही. तो शब्द पोर्तुगीज ‘बांदैरा’, म्हणजे झेंडा, यावरून आला. गावातल्या वाड्यांच्या सीमा झेंड्यांनी दाखवण्याची आठवण त्यात आहे.

बांध झरतोय, तर अर्जात काय लिहावे?

‘बांधाची दुरवस्था झाली आहे’ एवढे लिहिलेत तर पाहणीला येणाऱ्याला काहीच कळत नाही. हे लिहा: खाजनाचे आणि गावाचे नाव, सर्वे नंबर, जवळच्या मानशीपासून किती मीटर आणि कुठल्या दिशेला, पाझर, झर की खांड, झर असेल तर पाणी स्वच्छ की गढूळ, खांड असेल तर आजची रुंदी आणि मोजल्याची तारीख, ओहोटीला आतले पाणी पूर्ण बाहेर जाते की नाही, पुढची अमावास्या किंवा पौर्णिमा कधी आहे. फोटो ओहोटीचा एक आणि भरतीचा एक, दोन्हीत तोच दगड किंवा तेच झाड दिसेल असा. अर्ज मामलेदारांना, प्रत कुळांच्या संघटनेला आणि पंचायतीला.